देवाची बदली होत नाही

मुलांना देवाचं सार्वभौमत्व शिकवताना राजाचं उदाहरण द्यावं, असं पुण्याहून येणाऱ्या आमच्या रविवारच्या शाळेच्या पाठपुस्तिकेत छापलेलं होतं. शेजारी चित्र होतं: सिंहासन, मुकुट, दाढी. पुण्यात चालत असेल ते. मी शिकवत होते दिल्लीत, आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत, आणि समोर सतरंजीवर बसलेली सगळी पोरं केंद्र सरकारच्या नोकरदारांची होती.

"राजा म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ज्याच्यासाठी ट्रॅफिक थांबवतात," एकजण म्हणाला.

"ज्याच्या गाडीवर लाल दिवा असतो."

"तो मिनिस्टर, यार. राजा खरा नसतो."

मी पुस्तिका मिटली. आठवड्याचे सहा दिवस मी एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. एका उदाहरणाने समजत नसेल तर दुसरं घ्यायचं, त्यात रुसण्यासारखं काही नसतं.

"बरं. तुमच्या बाबांच्या वर कोण?"

हे त्यांना येत होतं. अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी, डायरेक्टर, जॉइंट सेक्रेटरी... पाढे म्हणावेत तशी सगळी एका सुरात वर चढत गेली. सेक्रेटरी झाले, मिनिस्टर झाले, पंतप्रधान, राष्ट्रपती झाले.

"आणि राष्ट्रपतींच्या वर?"

वर्गातला सर्वात धाकटा, पाच वर्षांचा, म्हणाला, "त्यांची आई."

"त्यांच्या आईच्याही वर देव," मी म्हटलं. "त्याच्या वर कोणी नाही. फाईल त्याच्यापर्यंत गेली की तिथेच संपते. तो म्हणेल ते शेवटचं. याला म्हणतात सार्वभौम."

एवढं समजलं. फार समजलं. लगेच हात वर झाले. देवाची बदली होते का? नाही होत. रिटायरमेंट? नाही. मग त्याच्या खालच्यांना प्रमोशन कसं मिळतं? देवदूत प्रमोशन मागत नाहीत, असं मी सांगितलं.

"एकाने मागितलं होतं," मागून एक मुलगी म्हणाली.

तिचं बरोबर होतं. त्या एकाचा पुढे सैतान झाला, ते सगळ्यांनाच माहीत आहे. मी बिस्किटांचा डबा उघडला आणि वर्ग सुटला.

दिल्लीत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी मूठभर. स्वतःचं चर्च नव्हतं. एका चर्चमध्ये हिंदी उपासना आटोपली की दुपारी आम्हाला जागा मिळायची, आणि संध्याकाळच्या इंग्रजीवाल्यांसाठी ती वेळेवर रिकामी करून द्यावी लागायची. मुलांच्या वर्गाला तिथे वेळ उरत नसे, म्हणून रविवारची शाळा चार वाजता आमच्या घरी. माझा नवरा त्या वेळी आतल्या खोलीत पेपर घेऊन पडायचा आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर यायचा नाही. त्याचा विश्वास पक्का होता, पण त्याला लहान मुलांचा आवाज सोसत नसे.

वर्गात सात-आठ मुलं असायची. माझा मुलगा, तेव्हा दहा वर्षांचा. तो पाच वर्षांचा. आणि वरच्या मजल्यावरचा बारा वर्षांचा मुलगा, जो ख्रिस्ती नव्हताच. त्याची आई सदाशिव पेठेतली. दिल्लीत राहून मुलगा 'मेरेको' आणि 'तेरेको' बोलायला लागला, तेव्हा ती खाली येऊन मला म्हणाली होती, "तुमच्या वर्गात बसवा याला. देव कुठलाही चालेल, मराठी शुद्ध पाहिजे." तो मन लावून यायचा. वडील कायदा खात्यात होते आणि पोराला वाद घालायला आवडायचं.

आणि ती मागून बोललेली मुलगी. तिला सगळी कॉलनी स्पिनर म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणते. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि लेगस्पिन अशी टाकायची की कॉलेजातली मुलं बॅट हातात घेऊन विचारात पडायची. तिच्या गोलंदाजीला विकेटमागे उभा राहू शकणारा कॉलनीत एकच जण होता, माझा मुलगा. दोघांचं एकमेकांशी बोलणं फारसं नसे. चेंडू यायचा, हा पकडायचा. मैत्री यापेक्षा वेगळी काय असते, मला माहीत नाही.

सार्वभौमत्वाचा धडा होऊन आठवडा झाला नाही तोच परिणाम दिसायला लागले. माझ्या मुलाने गृहपाठ केला नाही, आणि शाळेत सांगितलं की देवाने तो होऊ दिला नाही. बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तेही देवानेच होऊ दिलं. पाच वर्षांच्याने बहिणीची बाहुली गॅलरीतून खाली टाकली आणि ती पडेपर्यंत देव थांबवतो का ते पाहिलं. सदाशिव पेठ तर पदर खोचूनच खाली आली.

"अहो, हे काय शिकवलंत? दूध उतू गेलं, मी ओरडले, तर म्हणतो, आई, देवाच्या परवानगीशिवाय थेंबसुद्धा सांडत नाही. परवानगी द्यायला मी होते ना घरात! मी ह्याला गॅसपाशी उभं केलं होतं!"

"मराठी कशी आहे पण?"

तिने क्षणभर विचार केला. "मराठी बिल्कुल शुद्ध होती," ती म्हणाली आणि वर गेली.

पुढच्या रविवारी मी दुरुस्ती केली. देव सगळ्याच्या वर आहे याचा अर्थ गॅस बंद करायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय असा नाही. ते ज्याला दिलंय त्याने करायचं. मुलांना हे पटलं नाही, पण ऑफिसात असंच चालतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही.

आणि मग नाताळच्या थोडं आधी स्पिनरच्या वडिलांची बदली आली. गुवाहाटी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्पिनरचे वडील आणि माझा नवरा एकाच खात्यात, एकाच हुद्द्यावर होते. गुवाहाटीच्या कार्यालयात एक जागा रिकामी झाली होती आणि ती भरायलाच हवी होती. दिल्लीत सर्वात जास्त वर्षं काढलेल्याने जायचं, असा नियम. पहिला नंबर त्यांचा. त्यांनी बदली रद्द करण्यासाठी अर्ज केला होता.

"आणि रद्द झाली तर?" मी नवऱ्याला विचारलं.

तो ताटातली भेंडी निवडून बाजूला ठेवत होता. त्याला भेंडी आवडत नाही. "दुसरा नंबर कोणाचा, ते तुला सांगायला हवं का?"

नको होतं. आमची दिल्लीतली वर्षं मला तोंडपाठ होती.

रविवारी वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या माझ्या मुलाने जाहीर केलं, "काकांची ट्रान्सफर कॅन्सल करायची आहे. आज धडा नको, प्रार्थना करू."

स्पिनर सतरंजीच्या कडेला बसली होती. वेणीचं टोक तोंडात. एरवी मी टोकलं असतं.

"प्रॉपर चॅनलने जायला पाहिजे," वरच्या मजल्यावरचा म्हणाला. "डायरेक्ट टॉपला अर्ज केला की रिजेक्ट होतो. आधी काकू. काकू चर्चच्या पाळकसाहेबांकडे पाठवतील, पाळकसाहेब रेकमेंड करतील आणि मग देवाकडे जाईल."

"वशिला पण पाहिजे," आणखी एकजण म्हणाला. "याचे आजोबा पाळक होते ना?" सगळ्यांनी आदराने पाच वर्षांच्याकडे पाहिलं. तो नाक पुसत होता.

मी म्हटलं, देवाकडे जायला चॅनल लागत नाही. अर्धा ख्रिस्ती धर्म याच एका गोष्टीवर उभा आहे. कोणीही, कधीही, थेट जावं. मुलं चकित झाली. इतक्या वरच्या माणसाला मधे पीएसुद्धा नाही, हे त्यांना जरा खालच्या दर्जाचं वाटलं असावं. पण सोयीचं होतं. डोळे मिटले गेले.

सगळ्यांनी एकेक करून प्रार्थना केली. माझ्या मुलाची सर्वात लांब होती. त्यात टीमचा उल्लेख होता, येत्या मॅचचा होता, आणि गुवाहाटीला दुसरं कोणालाही पाठव, असंही होतं.

मी डोळे उघडून छताकडे पाहिलं. मग शेवट करायचा म्हणून म्हटलं, "तरी प्रभू, आमच्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आमेन."

"आई!" माझा मुलगा कळवळला. "ते नको ना म्हणू! त्याने केस वीक होते."

"कशी वीक होते?"

"आपणच त्याला सांगतो की नाही केलंस तरी चालेल."

"बरोबर आहे, काकू," वरच्या मजल्यावरचा गंभीरपणे म्हणाला. "अर्जात असं लिहीत नाहीत."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "भिंती पातळ आहेत. मला सगळं ऐकू येतं. दर रविवारी माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर, माझी बिस्किटं खाऊन माझ्या बदलीसाठी प्रार्थना होणार, असं दिसतंय."

"त्यांना माहीत नाही."

"तुला आहे ना?"

मला होतं. प्रश्न असा होता की करायचं काय. मुलाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मैदानात सगळ्यांना कळलं असतं, आणि स्पिनर माझ्या डोळ्याला डोळा देऊ शकली नसती. प्रार्थना थांबवली असती तर का थांबवली ते सांगावं लागलं असतं. मी पर्याय तपासले, एकही चालण्यासारखा नव्हता, आणि चार वाजता मुलं येत राहिली.

स्पिनरच्या आईला मात्र सगळं माहीत होतं. बायकांना असतं. ती सरकारी इस्पितळात नर्स, बोलायला सरळ. एकदा मटारच्या गाडीपाशी गाठ पडली, तेव्हा मोठ्या आवाजात भाव करता करता आवाज न बदलता म्हणाली, "वहिनी, पुढचा नंबर तुमचा आहे. तुम्ही ती प्रार्थना बंद केलीत तर मला राग येणार नाही. भैया, ये क्या दाने हैं, छिलके ही छिलके!"

"तुम्ही गेलात तर तुमच्या नोकरीचं काय?"

"सोडावी लागेल. नाहीतर हे आणि पोरगी तिकडे, मी इकडे. पेन्शन थोडक्यात हुकेल. आणि तुमची शाळा?"

"खाजगी आहे. सुटली की सुटली."

आम्ही दोघींनी थोडा वेळ मटार पाहिले. मग तिने माझ्याही पिशवीत घातले आणि भैयाला सांगितलं, दोघींचे एकाच भावाने लाव. यापेक्षा जास्त आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही.

संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस दरवर्षी पानिपतला जायची, काला अंब या स्मारकाला. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी पतंग उडवतो किंवा हळदीकुंकू करतो. दिल्लीतली मराठी माणसं मात्र पहाटे धुक्यात कोपर्निकस मार्गावर जमतात, कानटोप्या घालून बसमध्ये बसतात आणि आपण जिथे हरलो ती जागा बघायला जातात. त्या वर्षी आमचा जवळजवळ सगळा वर्ग बसमध्ये होता. सदाशिव पेठेने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या आणि कोणाला किती द्यायच्या ते मला दोनदा बजावलं होतं.

काला अंबला फार काही नाही. एक स्तंभ, लोखंडी कुंपण, बाग. इथे आंब्याचं झाड होतं आणि रक्ताने ते काळं पडलं, असं सांगतात. मंडळातले एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी स्तंभासमोर भाषण करायचे. बोलता बोलता त्यांचा गळा भरून यायचा आणि मग सगळ्यांना चहा मिळायचा. भाषण संपलं. मुलं पोळ्यांसाठी माझ्याभोवती गोळा झाली.

स्पिनर स्तंभाकडे बघत होती. "काकू, आपले लोक लढायच्या आधी प्रार्थना करून आले असतील ना?"

"असतील."

"आणि समोरचे?"

"तेही."

"मग?"

या 'मग'चीच मी सकाळपासून वाट बघत होते. पानिपतला मुलं घेऊन जायचं आणि आधी सार्वभौमत्वाचा धडा घ्यायचा, हे माझ्या डोक्यात एकत्र आलंच नव्हतं. दोन्ही वेगवेगळ्या रविवारी ठरलं होतं.

"सोपं आहे," वरच्या मजल्यावरचा म्हणाला. "दोघांनी अप्लाय केलं होतं. पोस्ट एकच. एकाचं सँक्शन झालं."

"पण का?"

"कारण देत नाहीत. ऑर्डर येते फक्त."

स्पिनरचा चेहरा बदलला. थंडीने आधीच पांढरा होता, आता आणखी झाला. "म्हणजे गुवाहाटीसाठी कोणीतरी उलटी प्रार्थना करत असेल तर? की आमचं रद्द होऊ नये अशी?"

"कोण करणार?" माझा मुलगा म्हणाला. "कोणाचं काय बिघडतंय?"

माझा नवरा जरा पलीकडे तिळगूळ खात उभा होता. त्याला ठसका लागला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "असेल कोणीतरी बिचारा," तो म्हणाला आणि स्तंभावरचा मजकूर वाचायला निघून गेला. तो त्याने दरवर्षी वाचलेला होता.

"काकू, सांगा ना. हरले त्या दिवशी देव कुठे होता?"

मी त्यांना खोटं सांगत नाही. गणितात खोटं लगेच पकडलं जातं, त्याची सवय राहते. मी म्हटलं, "देव सिंहासनावरच होता. त्या दिवशी झोपला नव्हता, बाहेरगावी नव्हता आणि हरलाही नव्हता. हरलेले त्याचेच होते, जिंकलेलेही त्याच्याच हाताखाली होते. एवढं मला नक्की माहीत आहे."

"मग त्याने असं का केलं?"

"ते मला माहीत नाही."

पोळी खाणं थांबलं. मला एखादी गोष्ट माहीत नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"पण तुम्ही तर टीचर आहात," पाच वर्षांचा म्हणाला.

"म्हणूनच मला माहीत आहे की मला माहीत नाही. पोळी खा, तूप गोठतंय."

परतीच्या बसमध्ये माझा मुलगा बराच वेळ खिडकीच्या काचेवर बोटाने रेघा ओढत होता. मग म्हणाला, "समजा कोणी उलटी प्रार्थना करत असेल, तर आपण जास्त जोरात करू. आपण जास्त आहोत." मराठी सैन्यातही कोणीतरी असंच म्हणालं असेल, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत स्पिनर धावत आमच्या घरी आली. चपला दाराबाहेर काढायचंही तिला सुचलं नाही. हातात पेढ्यांचा डबा. "काकू! रद्द! रद्द झाली! मम्मी सरकारी नोकरीत आहे ना, नवरा-बायकोला एका गावात ठेवायचा रूल आहे, म्हणून रद्द!"

माझ्या मुलाने आरोळी ठोकली. दोघं पलंगावर उड्या मारायला लागली. पलंग सरकारी होता, मी ओरडले. मग वरच्या मजल्यावरचा आला, आणखी दोघं आली, आणि पाच वर्षांच्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली, कारण त्याच्या आजोबांचा वशिला कामी आला होता.

"रूलमुळे झालं की देवामुळे?" वरच्या मजल्यावरच्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

"रूल कोणी काढू दिला?"

"अच्छा," तो म्हणाला. त्याला हे कायदेशीर वाटलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. टेबलावर डबा होता.

"पेढे कसले?"

"काकांची ट्रान्सफर कॅन्सल झाली, बाबा! आमच्या प्रार्थनेने!"

"हो, कळलं मला ऑफिसात." त्याने बूट काढले. एक पेढा खाल्ला. दुसरा घेतला, तोही सावकाश खाल्ला. मग मला विचारलं, "गुवाहाटीला थंडी कितपत असते गं?"

मला समजायला वेळ लागला नाही. मुलाला लागला. तो हसत होता, मग हसू तसंच राहिलं आणि त्यामागे चेहरा बदलत गेला.

"कोणाला जायचंय गुवाहाटीला?"

"आपल्याला," नवरा म्हणाला. "तुझी परीक्षा झाली की."

"पण मी तर सगळ्यात जास्त प्रार्थना केली होती."

"ऐकलं मी. भिंती पातळ आहेत."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तुला माहीत होतं? की त्यांचं रद्द झालं तर आपलं येणार?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"तरी तू आमेन म्हणायचीस?"

"म्हणायचे."

मला वाटलं, रडेल. रडला असता तर सोपं झालं असतं, रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते मला येतं. तो फक्त म्हणाला, "म्हणून तू ते वाक्य घालायचीस."

म्हणून नाही, असं मी म्हणणार होते. ते वाक्य मी लहानपणापासून घालत आले आहे, नगरच्या चर्चमध्ये माझे वडील घालायचे आणि मी त्यांच्याकडून उचललं. पण त्या हिवाळ्यात मी ते जरा जास्त ठासून म्हणत होते, हेही खरं. "ताटं घे," मी म्हटलं.

रविवार आला. मुलं आली ती मयताला आल्यासारखी. बातमी कॉलनीभर झाली होती. स्पिनर सर्वात शेवटी आली आणि दाराजवळच बसली. माझ्या मुलाने तिच्याकडे पाहिलं नाही, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चलो, फ्रेश अर्ज करू," वरच्या मजल्यावरचा म्हणाला. त्याला काम मिळालं की बरं वाटायचं. "एकदा रद्द होते, तर दोनदा पण होते. डोळे मिटा सगळ्यांनी."

कोणी मिटले नाहीत. सगळी मुलं हिशेब करत होती, मला चेहऱ्यांवर दिसत होतं. बदल्यांच्या घरात वाढलेल्या मुलांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. जागा भरायलाच हवी. आमचं रद्द झालं तर तिसरा नंबर असणार. तिसरा नंबर म्हणजे कोणाचे तरी बाबा.

"तिसरं कोण आहे?" पाच वर्षांच्याने विचारलं.

"आपल्याला माहीत नाही," स्पिनर दारातून म्हणाली. "पण कोणीतरी आहे. त्याच्या घरी पण पोरं असतील." मग तिने वेणी तोंडातून काढली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "तू सांग. तू म्हणशील तशी प्रार्थना करीन मी. उलटी म्हणालास तर उलटी. खरंच."

उलटी म्हणजे तिची स्वतःची बदली पुन्हा यावी, अशी. मी मधे पडणार होते, पण पडले नाही. धडा माझ्या हातातून केव्हाच गेला होता, आणि बऱ्या हातात गेला होता.

माझ्या मुलाने सतरंजीचा धागा उपसला. आणखी एक उपसला. मग डोळे मिटले.

"देवबापा," तो म्हणाला, "मला जायचं नाहीये. तिथे मला कोणी ओळखत नाही आणि आईची शाळा पण जाणार. तू काहीतरी करू शकतोस, कारण तुझ्या वर कोणी नाही. पण तिला परत पाठवू नकोस. आणि तिसऱ्याला पण नको." इथे तो अडकला. त्याच्या लक्षात आलं असावं की आता कोणीच उरत नाही. मग नाखुशीने, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाला, "तरी आमच्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे."

"गेली केस," वरच्या मजल्यावरचा पुटपुटला.

"आमेन," स्पिनर म्हणाली.

"आमेन," आम्ही सगळे म्हणालो. आणि आतल्या खोलीतून, जिथून इतक्या रविवारांत पेपरच्या पानांशिवाय कसलाही आवाज आला नव्हता, माझ्या नवऱ्याचं खणखणीत आमेन ऐकू आलं.

पाठोपाठ तो म्हणाला, "आणि बिस्किटं सगळी संपवू नका."